अनोळखी आज्ञा: जावई

“ज्या साम्राज्यांनी आज्ञा सोडल्या, पण त्यांचा अर्थ लिहून ठेवला नाही, ती साम्राज्यं धुळीला मिळाली!”

अप्पांनी हे वाक्य उजवा हात उंचावून उच्चारलं. हात उंचावला होता तो वक्तृत्वासाठी नव्हे. हातात ओला पायमोजा होता आणि वाळत घालायची दोरी उंच होती. शिवाय हे वाक्य ऐकणाऱ्या दोघांना, म्हणजे लेकीला आणि जावयाला, एक गोष्ट पक्की ठाऊक होती. अप्पांनी स्वतः उभ्या आयुष्यात शेकड्यांनी आज्ञा लिहिल्या होत्या आणि त्यांतल्या एकीचाही अर्थ कुठे टिपून ठेवला नव्हता. त्यांचं साम्राज्य अजून धुळीला मिळालं नव्हतं, एवढंच. छापखान्याच्या मालकीणबाईंनी तशी मुदत मात्र दिली होती.

अप्पा पुस्तकांची अक्षरजुळणी करत. लेखकाचा मजकूर संगणकात येतो तो अगदी सपाट. त्यात जागोजागी आज्ञा पेराव्या लागतात: इथे मथळा, इथे चित्र, इथे तळटीप. आणि त्या आज्ञेचं नाव दिसलं की यंत्रानं नेमकं काय करायचं, याची व्याख्या एका वेगळ्या फाइलीत लिहून ठेवावी लागते. बाजारात अशा आज्ञा तयार मिळतात. पण अप्पांना तयार सदरेसुद्धा कधी अंगाला बसले नव्हते, तिथे तयार आज्ञा कुठून बसणार? त्यांनी सगळ्या घरीच शिवल्या. मागच्या खोलीत, खिडकीकडे पाठ करून, चहाच्या कपावर बशी झाकून.

आता अप्पांच्या जागी नवी माणसं येणार होती. मालकीणबाई म्हणाल्या, “त्यांना समजेल अशी पुस्तिका करून द्या. नाहीतर मी तयार प्रणाली विकत घेते, आणि तुमची फाइल...”

बाई सभ्य होत्या, म्हणून त्यांनी वाक्य अर्धवट सोडलं. अप्पांना अर्धवट वाक्यं सहन होत नसत. त्यांनी ते मनातल्या मनात पुरं केलं आणि घरी येऊन जेवणावर बहिष्कार टाकला. म्हणजे जेवले, पण पुन्हा वाढून घेतलं नाही.

“मग लिहा ना खुलासा,” लेक म्हणाली. “सगळं तुमच्याच तर डोक्यात आहे.”

“मी आज्ञा लिहितो. खुलासे लिहायला मी काय आरोपी आहे?”

“बरं, मग हा लिहील.” तिनं नवऱ्याकडे बोट केलं. “याचा धंदाच तो. दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचायचं आणि डोकं धरून बसायचं.”

अप्पांनी पायमोज्याला चिमटा लावला आणि ते म्हणाले, “छे छे. जावईबापूंना कशाला त्रास?”

हे वाक्य जावयाच्या कानांना नवं नव्हतं. लग्न झाल्यापासून तो हेच ऐकत आला होता. या घरात त्याला चांगली खुर्ची मिळे, कान न तुटलेला कप मिळे, पंख्याखालची जागा मिळे. काम मात्र मिळत नसे. तो उठून पाण्याचा तांब्या घ्यायला गेला तरी तिघं जण धावत. खुर्ची चांगली होती, तक्रार नव्हती. पण ती पाहुण्यांची होती. इतकी वर्षं तिच्यावर बसून बसून जावयाची पाठ अवघडली होती, आणि हे सांगायचं कोणाला?

एकदाच काय तो अपवाद घडला होता. मागच्या खोलीतलं भिंतीवरचं कपाट, जुन्या छापील पानांच्या गठ्ठ्यांनी गच्च भरलेलं, एके दिवशी भिंत सोडून निघालं. घरात हे दोघंच. जावयानं पुढे होऊन खांदा दिला. अप्पा म्हणाले, “धरा हं, आलोच स्क्रू घेऊन,” आणि गेले. दुकानाच्या पाटीवरची अक्षरं नवीन रंगवलेली होती. दोन अक्षरांमधली जागा चुकली होती. अप्पांनी ते दुकानदाराला समजावून सांगितलं. दुकानदाराला पटेना. मग रंगाऱ्याला बोलावणं गेलं. चहा झाला. अप्पा परत आले तेव्हा जावई कपाट खांद्यावर घेऊन तसाच उभा होता. त्याच्या चेहऱ्याचा रंग मात्र भिंतीसारखा झाला होता. अप्पांनी शांतपणे स्क्रू बसवले, मागे वळून पाहिलं आणि म्हणाले, “अहो, बसा ना. उभे का?”

त्यावर पुन्हा कधी कोणी बोललं नाही. कपाट त्या स्क्रूंवर तसंच उभं होतं. कोणी दार उघडलं की थोडं डुलायचं.

तर, लेकीनं हट्ट धरला, सासूबाईंनी तिची बाजू घेतली, आणि अप्पांची फाइल जावयाच्या हातात आली.

त्यानं ती वाचायला एक प्रोग्राम लिहिला. बेत सरळ होता. फाइलीत प्रत्येक व्याख्या ‘आज्ञा’ या शब्दानं सुरू होते. तो शब्द दिसला की पुढचं नाव उचलायचं, ती आज्ञा काय काय घेते ते मोजायचं, कंसात काय करते ते वाचायचं आणि साध्या भाषेत नोंद लिहायची. कोणती आज्ञा कोणाला हाक मारते, हेही टिपायचं. दुपारपर्यंत प्रोग्रामनं सगळी फाइल चावून चोथा केली, आणि जावयाच्या लक्षात आलं की आपण आज्ञा वाचत नाही आहोत. आपण सासुरवाडी वाचतो आहोत.

अप्पांनी आज्ञांना घरातल्या माणसांची नावं दिली होती.

‘मेव्हणा’ या नावाखाली प्रोग्रामनं लिहिलं होतं: “एक चित्र घेते. याच पानावर येणार असे सांगते. जागा नसल्यास पुढच्या पानावर जाते व तिथल्या मजकुराला ढकलते. पूर्वसूचना देत नाही.” सासूबाईंच्या भावाला जो एकदा भेटला असेल, त्याला यात एक अक्षर बदलावंसं वाटलं नसतं. ‘आत्या’: “पानाच्या कडेला बारीक अक्षरात टीप देते. मजकुराशी संबंध असेलच असे नाही.” ‘शेजारी’: “पानाचे दोन भाग करते, मधे रेघ मारते.” ‘लेक’: “परिच्छेदाचा पहिला शब्द थोडा आत घेते.” ‘सासुरवाडी’: “एक पूर्ण पान कोरे सोडते.” एक ‘घरचा’ नावाची आज्ञाही होती. तिच्यापुढे प्रोग्रामनं प्रामाणिकपणे लिहिलं होतं: “दोन गोष्टी घेते. काय करते ते स्पष्ट नाही.” जावयानं ती नंतर बघू म्हणून सोडून दिली.

कारण त्याला घाई झाली होती. चारचौघांचा एकत्र फोटो हातात आला की माणूस आधी कोणाला शोधतो? त्यानं यादीत ‘जावई’ शोधला.

नव्हता.

पुन्हा शोधला. मग बापू म्हणून शोधला. मग, लाज बाजूला ठेवून, ‘पाहुणा’ म्हणून शोधला. शेजाऱ्यांचा कुत्रासुद्धा होता. तो प्रकरणाच्या शेवटी यायचा आणि उगीच एक फुली टाकून जायचा. जावई मात्र नव्हता.

“तू आहेस,” तो बायकोला म्हणाला. ती भांडी घासत होती, तो पुसत होता. स्वतःच्या घरी त्याला हा मान होता. “परिच्छेद सुरू झाला की तू असतेस. पहिला शब्द जरा आत घेतेस.”

“लहानपणी मी दारामागून डोकावायचे, तेच असणार. आणि तू?”

“मी नाही.”

“नीट बघितलंस?”

“कुत्रा आहे.”

ती हसायला लागली आणि त्याच्याकडे पाहून थांबली. “अरे, चेहरा काय पाडतोस? फाइल आहे ती. लग्नपत्रिका नाही.”

“पडला नाही. तसाच आहे तो.”

“बाबांना विचारू का?”

“खबरदार!” त्यानं ताट इतकं पुसलं की त्यावरची नक्षी फिकट व्हायची वेळ आली.

पुढच्या सुट्टीला तो बायकोला आणि पुस्तिकेचा कच्चा खर्डा घेऊन अप्पांकडे गेला. अप्पांनी चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. मेव्हण्यापाशी त्यांचे खांदे दोनदा हलले. आवाज मात्र काढला नाही, कारण सासूबाई जवळच होत्या. मग जावयानं आपलं घोडं जिथे अडलं होतं ते पान काढलं.

“अप्पा, ही ‘हिला विचार’ काय भानगड आहे? हिच्यात काहीच नाही. पडद्यावर ‘हिला विचार’ एवढं लिहिते आणि यंत्र थांबवते. हो किंवा नाही दाबेपर्यंत पुढे सरकत नाही. आणि निम्म्या आज्ञा हिलाच हाक मारतात.”

अप्पा खिडकीबाहेर पाहू लागले. खिडकीबाहेर दुसरी भिंत होती.

“काही नाही हो. एखाद्या परिच्छेदाची शेवटची ओळ एकटीच पुढच्या पानावर जाते. चालेल की नाही, हे यंत्राला कळत नाही.”

“मग कोणाला कळतं?”

“अगं,” अप्पांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, “एक ओळ एकटी पडतेय. चालेल का?”

“एकटी नको!” आतून उत्तर आलं, फोडणीच्या आवाजावरून.

अप्पा जावयाकडे वळले. “असं.”

सासूबाई हात पुसत बाहेर आल्या. त्यांना प्रकार समजावून सांगायला थोडा वेळ लागला. समजला तेव्हा त्या स्टुलावर बसल्या. “म्हणजे तुम्ही दिवसभर ओरडायचात ते त्या यंत्रासाठी? मला वाटायचं, बोलायला काहीतरी निमित्त काढता.”

“दोन्ही,” अप्पा म्हणाले.

“आणि मी न बघता सांगायचे हो! कधी भाजी करपत असली तर हो, नसली तर नाही.”

“पुस्तकं चांगली दिसतात,” अप्पा म्हणाले. “आतापर्यंत कोणाची तक्रार नाही.”

“पण पुस्तिकेत मी काय लिहू?” जावयानं विचारलं. “नव्या माणसांपुढे ‘हिला विचार’ येणार. त्यांनी विचारायचं कोणाला?”

“फोन नंबर घाला. दुपारी झोपते, तेव्हा नको.”

शेवटी सासूबाईंनीच तोडगा सांगितला. एकटीला पुढच्या पानावर पाठवायचं नाही. जायचंच असेल तर मागची एक सोबत द्यायची. जावयानं हे जसंच्या तसं लिहून घेतलं, आणि खाली फोन नंबरही घातला, कारण अप्पा तसे खांद्यावरून बघत होते. मग अंतरांचा विषय निघाला. फाइलीतली सगळी अंतरं ‘बोट’ या मापात होती. कोणाचं बोट, असं विचारल्यावर अप्पांनी सासूबाईंचा उजवा हात धरून टेबलावर ठेवला आणि त्यांच्या करंगळीशेजारी पट्टी लावली. त्या छापखान्यातून निघालेल्या प्रत्येक पुस्तकाचा समास या करंगळीनं मोजलेला होता. सासूबाई म्हणाल्या, “अहो, हात ओला आहे,” पण काढून घेतला नाही.

जावई चांगल्या खुर्चीत बसून हे पाहत होता. त्याला वाटलं, सगळ्यांच्या वाट्याला काही ना काही आलं. मग स्वतःचीच लाज वाटून त्यानं पान उलटलं.

आता परीक्षा उरली होती. जावयाच्या प्रोग्रामनं पुस्तिकेबरोबर एक नवी, नीटनेटकी फाइलही तयार केली होती. पुस्तिकेत ज्यांची नोंद, तेवढ्याच व्याख्या तिच्यात, नावांच्या क्रमानं, प्रत्येकीच्या डोक्यावर खुलासा. तिच्यावर एक जुनं पुस्तक पुन्हा छापून बघायचं. जसं होतं तसंच निघालं तर मालकीणबाई खूश, आणि अप्पांची फाइल वाचली. अप्पांनी मुद्दाम अवघड काम निवडलं: बसगाड्यांचं वेळापत्रक. पानोपानी तक्ते.

यंत्र घुरघुरलं. कागद बाहेर आला. अप्पांनी तो उजेडात धरला आणि त्यांच्या तोंडून “अरे देवा” एवढंच निघालं.

तक्ते खचले होते. एकही ओळ जागेवर उभी नव्हती. सकाळची गाडी दुपारच्या गाडीच्या डोक्यावर बसली होती, दुपारची संध्याकाळच्या मांडीवर, आणि शेवटची गाडी सगळ्यांखाली चेंगरून नुसती काळी रेघ झाली होती. या वेळापत्रकावर भरवसा ठेवून कोणी निघालं असतं, तर एकाच वेळी सगळीकडे पोचलं असतं.

“माझंच काहीतरी चुकलं,” जावई म्हणाला आणि पडद्याकडे वळला. यंत्रानं तक्रार लिहून ठेवली होती. एकच ओळ, पुन्हा पुन्हा, पडदा भरून खालपर्यंत:

अनोळखी आज्ञा: जावई

अनोळखी आज्ञा: जावई

अनोळखी आज्ञा: जावई

मग बायको म्हणाली, “बाई बाई. यंत्रानंसुद्धा ओळख दाखवली नाही.”

“पण ही आज्ञा नाहीच आहे,” जावई म्हणाला. “मी शोधली होती. म्हणजे, प्रोग्रामनं शोधली होती. फाइलीत नाही.”

“नाही कशी?” अप्पा चिडले. “सरका.” त्यांनी आपली जुनी फाइल उघडली आणि सरसर खाली गेले. “ही काय!”

तिथे ‘आज्ञा’ हा शब्द नव्हता, म्हणून तर प्रोग्राम डोळे मिटून पुढे गेला होता. तिथे लिहिलं होतं ‘घरचा’, आणि त्याच्यापुढे ‘जावई’. जावयानं व्याख्या वाचली. रुंदी शून्य. उंची दोन बोटं. शाई नाही.

“रुंदी शून्य?” बायको म्हणाली. “बाबा, त्याचं पोट पाहिलंय का तुम्ही?”

“तू गप गं.” अप्पांनी घसा खाकरला. “टेकू आहे तो. तक्त्याच्या प्रत्येक ओळीत एक उभा करायचा. छापल्यावर दिसत नाही. जागा मागत नाही. पण तो आहे म्हणून वरची ओळ खालच्या ओळीच्या अंगावर येत नाही. काढला की काय होतं, ते बघताय तुम्ही.” त्यांनी चेंगरलेली बस दाखवली.

“मग बाकी सगळ्यांसारखं ‘आज्ञा’ का नाही लिहिलंत? ‘घरचा’ कशाला?”

“आज्ञेचं काय असतं, नंतर कोणीही त्याच नावाची दुसरी लिहिली की पहिली पुसली जाते. छापखान्यातल्या लोकांनी मेव्हण्याला कितीदा बदललं. बदलू देत. चित्र इकडचं तिकडे होईल, दुसरं काय? पण हा बदलला तर सगळं खाली येतं. म्हणून याच्यासाठी वेगळं कुलूप केलं. ‘घरचा’ म्हणून एकदा लिहिलं की पुन्हा बदलता येत नाही. कोणालाच नाही. मलासुद्धा.”

“दुसरं कोण आहे त्या कुलपात?”

“दुसऱ्याची गरज पडली नाही,” अप्पा म्हणाले आणि एकाएकी कळफलकावरची धूळ झटकू लागले. धूळ नव्हती.

“मला आठवतंय,” सासूबाई दारातून म्हणाल्या. “कपाट निखळलं होतं त्याच संध्याकाळची गोष्ट. माझी करंगळी मोजायला घेऊन बसले होते आणि आपल्याशीच पुटपुटत होते, हलला नाही हो, अजिबात हलला नाही.”

जावयानं प्रोग्राम उघडला. ‘आज्ञा’ या शब्दाशेजारी ‘घरचा’ हा शब्द शोधायला सांगितलं. ओळ छोटीच होती, पण लिहिताना त्याला दोनदा खोडावी लागली; पडदा एकसारखा धूसर दिसत होता. मग त्यानं पुस्तिकेत नवं पान काढलं. “अप्पा, हिचा खुलासा तुम्ही सांगा. मी लिहितो.”

अप्पांना खुलासा करायचा म्हणजे अंगावर काटा यायचा. पण त्यांनी टेबलाला टेकून, डोळे मिटून सांगायला सुरुवात केली. “लिहा. जावई. रुंदी नाही. पानावर दिसत नाही. तक्त्याच्या प्रत्येक ओळीत असावा. नसला तर...” ते थांबले. अर्धवट वाक्यं त्यांना सहन होत नसत. हे मात्र त्यांनी तसंच राहू दिलं. “पुरे. जास्त कौतुक लिहिलं की आज्ञा शेफारतात.”

पुन्हा छपाई सुरू झाली. कागद बाहेर आला तो सरळ उभ्या ओळींचा. सकाळची गाडी सकाळी, दुपारची दुपारी. मधे दोन-दोन बोटं मोकळी हवा. सगळे त्या पानावर वाकले, जणू वेळापत्रक पाठ करून सगळ्यांना कुठेतरी जायचं होतं. बायकोनं हळूच नवऱ्याच्या पोटाला कोपरानं ढोसलं.

“जुनं पान ताडून बघू,” अप्पा म्हणाले आणि जुन्या छापील पानांचा गठ्ठा काढायला त्यांनी भिंतीवरचं कपाट उघडलं. दार पुढे आलं. दारापाठोपाठ कपाटही थोडं पुढे आलं. एक स्क्रू टणकन फरशीवर पडला आणि घरंगळत चांगल्या खुर्चीखाली गेला.

अप्पांनी तळव्यानं कपाट दाबून धरलं, स्क्रूकडे पाहिलं, मग जावयाकडे पाहिलं.

“जरा इकडे ये आणि हे धर,” ते म्हणाले. “मी दुकानातून आलोच.”